मधल्या सुट्टीतली शिक्षा

सिंगापूरच्या शाळांत 1992 साली ‘ट्रिम अँड फिट’ नावाची योजना सुरू झाली. मुलांची उंची-वजनं घ्यायची, जाड ठरतील त्यांना बाजूला काढायचं आणि जादा व्यायाम द्यायचा. कित्येक शाळांत हा व्यायाम मधल्या सुट्टीत होई. बाकीची पोरं कँटीनकडे धावत, तेव्हा ही मैदानावर घाम गाळत. योजनेचं लघुरूप ‘टॅफ’. ते उलटं वाचलं की ‘फॅट’ होतं, हे पोरांच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार!

आकडे मात्र खूश करणारे होते. लठ्ठ मुलांचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या आत आलं. तरीही 2007 मध्ये सरकारनं ही योजना गुंडाळली आणि सगळ्याच मुलांसाठी आरोग्याचा कार्यक्रम आणला. वेगळं काढलेल्या मुलांना चिडवलं जातं, ही तक्रार जुनीच होती.

मला त्या मुलांचा गुन्हा काय, हे कळत नाही. सात वर्षांचं मूल किराणा आणत नाही. डब्यात काय जाणार, घराजवळ खेळायला जागा आहे की नुसतं पार्किंग, हे मोठी माणसं ठरवतात. त्यात आईबापांचं शरीर वारशानं आलेलं. ज्याच्या हातात यातलं काहीच नाही, त्यालाच चारचौघांत उभं करायचं! वजन उतरलं म्हणून हा अन्याय न्याय्य ठरत नाही.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत 2012 साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी सोपी वाट धरली. रोज 15 मिनिटं अख्खा वर्ग बाहेर. पळा, दमलात तर चाला. कपडे शाळेचेच, शर्यत नाही, नंबर नाही. ‘डेली माइल’ नावानं हा प्रघात पुढे अनेक देशांत गेला. यात कोणी निवडला जात नाही, म्हणून कोणी लाजत नाही.

शाळेतल्या अशा रोजच्या हालचालीनं वजन उतरतं का? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या 54 शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत वर्षभर रोज अर्धा तास जादा हालचाल, शिवाय पालकांसह पौष्टिक स्वयंपाकाचे धडे. 2018 साली निष्कर्ष आला: वजनात म्हणावा असा फरक नाही. लगेच कोणी म्हणेल, मग उपयोग काय? हा प्रश्नच मला खटकतो. गणिताच्या तासाला आपण वजनाचा हिशेब विचारत नाही. पळण्यानं हाडं आणि हृदय बळकट होतात, झोप चांगली लागते, आणि मुलाला पळायला आवडतं. एवढं पुरे. वजनाचं ओझं घरानं, बाजारानं आणि मैदानं गिळणाऱ्या शहरानं उचलावं; शाळेच्या पंधरा मिनिटांवर ते टाकू नये.

आपल्याकडे तर पीटीचा तास हा पोर्शन संपवायचा राखीव तास. झालाच, तर जाड मुलगा सगळ्यांत शेवटी संघात घेतला जातो, आणि कधीकधी सरच त्याला ‘ए जाड्या’ म्हणून हाक मारतात. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटांची हालचाल सांगते. तेव्हा पुढच्या पालकसभेत टक्क्यांची चौकशी करून झाली की आणखी दोन गोष्टी विचारा: या महिन्यात पीटीचे किती तास खरोखर मैदानावर झाले, आणि तिथे आमच्या मुलांना कोणत्या नावानं हाक मारतात?