दार उघडलं, पण

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या एका सोसायटीनं एका कुटुंबाला भाड्यानं घर नाकारलं. कारण काय, तर आडनाव. माझी भाची त्याच सोसायटीत राहते. गेटसमोर उपोषणाला बसायचं तिनं ठरवलंय.

"साने गुरुजी नव्हते बसले? तूच सांगायचीस."

"बसले. १ मे १९४७ ला, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून. दहाव्या दिवशी ते सुटलं. पण गांधीजींना ते उपोषण पसंत नव्हतं, हेही ऐक. मी मरतो, मग पाप तुमच्या माथी, ही अहिंसा की धाक?"

"धाक दुसऱ्याच्या जिवाचा दाखवतात, आत्या. हा तर स्वतःचाच जीव."

"स्वतःचा जीव अहिंसेतून वगळायला कुणी सांगितलं? गांधीहत्येनंतर याच माणसानं एकवीस दिवस उपास केला. ११ जून १९५० ला तर स्वतःचं आयुष्यच संपवलं. दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणता म्हणता सगळा घाव अंगावर घ्यायची सवय लागते की काय, याची मला धास्ती वाटते."

ती थोडी गप्प झाली. (गुरुजींबद्दल असं बोललं की सेवा दलातली जुनी मंडळी माझ्यावर रागावतात. रागावोत.)

"पण मंदिर उघडलं ना?"

"उघडलं. त्याआधी म्हणे देवाचं तेज घागरीत काढून घेतलं होतं. म्हणजे दार उघडलं, मन नाही."

"नसेना! पायरीवर अडवलेल्या बाईनं बडव्यांचं मन बदलेपर्यंत थांबायचं होतं का? तिला दर्शन हवं होतं, त्यांचं मन नको होतं."

हे मला खोडता येईना. मी वाट बदलली.

"गुरुजी एकदम नाही बसले. आधी कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव सभा घेतल्या. उपास शेवटी आला. तू किती घरांची बेल वाजवलीस?"

"ग्रुपवर मेसेज टाकलाय. सतरा जणांनी अंगठा दिला."

"अंगठा देणारे बैठकीला येतील?"

"नाही येणार. पण घरोघरी फिरायचं तर महिने जातील, आणि तोवर ते कुटुंब कुठे राहील? तुझ्या धीराचं भाडं त्यांनी भरायचं?"

बरोबर होतं तिचं. सबुरी सांगणाऱ्याचं स्वतःचं घर सहसा शाबूत असतं.

"मग एकच सांग. तुझ्या उपासानं उघडलेल्या दारातून त्यांना आत यायचंय का? उद्या जिन्यात लोकांच्या नजरा झेलायच्या त्या त्यांनाच. विचारलंस त्यांना?"

तिनं मान हलवली. विचारलं नव्हतं.

"आज फोन करते," ती म्हणाली. "पण ते हो म्हणाले, तर तू अडवायचं नाहीस. आणि बेल वाजवायला माझ्याबरोबर यायचंस."

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही. पहिली बेल सेक्रेटरीची."