गोळीनंतरची बिडी

मुंबईत गर्दच्या विळख्यातून बाहेर पडू पाहणारी कितीतरी माणसं रोज सकाळी एका गोळीसाठी उपचार केंद्रावर जातात. नर्ससमोर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. गिळायची नाही, वर पाणी प्यायचं नाही. पुढे कामाची घाई असली तरी बसायचं. मग फाटकाबाहेर आल्या आल्या पुष्कळांचा हात खिशातल्या बिडीकडे जातो.

घरचे म्हणतात, "एवढं मोठं सोडलंय, बिडी तरी ओढू दे बिचाऱ्याला." यात माया आहे. पण अमेरिकेत दारू आणि इतर व्यसनांवर उपचार घेतलेल्या माणसांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. १९९६ साली निष्कर्ष छापून आला, तेव्हा दिसलं की त्यांच्यातल्या निम्म्या मृत्यूंमागे तंबाखू होती. दारूचे बळी त्याहून कमी. जीव वाचवायला निघालेल्या माणसाला बिडीने न्यावं, हे मला फार लागतं. "सगळंच एकदम सोडायला लावलं तर पुन्हा घसरेल" ही भीतीही खरी नव्हे. २००४ साली एकोणीस अभ्यास एकत्र तपासले गेले. उपचारांबरोबर तंबाखू सोडायलाही मदत मिळालेली माणसं पुढे दारू-ड्रग्जपासून जास्त प्रमाणात लांब राहिली होती.

जो माणूस रोज वेळेवर येऊन दहा मिनिटं शांत बसतो, त्याच्यापाशी चिकाटी आहेच. तिला आणखी एक छोटं काम द्यायचं. आज गोळीनंतरची बिडी अर्धा तास पुढे ढकलायची. टपरी लागणार नाही अशा रस्त्याने घरी यायचं. उद्याही तेच. जमेल तसा तो अर्धा तास वाढवायचा. एखादा दिवस नाही जमलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायची.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर बिडी दिसली की टोमणा मारू नका. न ओढलेल्या अर्ध्या तासाबद्दल आवर्जून बोला. निकोटिनच्या च्युइंगगमविषयी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. गोळीचा डोस मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर एकदा फोन लावा. तंबाखू सोडायला मदत करण्यासाठीच तो आहे, सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो.