आंबवावे की न आंबवावे

'आंबणे' ह्या क्रियापदाशी आपलं मराठी माणसांचं नातं मोठं चमत्कारिक आहे. इडलीचं पीठ रात्रीतून आंबून डब्याच्या झाकणाला टेकलं की घरात मुलाला पहिला दात आल्याइतका आनंद होतो. तोच फ्रीजबाहेर राहिलेला आमरस आंबला तर सुतकी शांतता पसरते. ताक आंबलं तर त्याची कढी करायची, आणि लोकलच्या गर्दीत अंग आंबलं तर आलं घातलेला चहा घ्यायचा. इथपर्यंत सगळं ठीक असतं. पण कुणी 'मी गहू आंबवणार आहे' असं म्हणून पुढे 'पिण्यासाठी' एवढा एकच शब्द जोडला, की त्या निरुपद्रवी क्रियापदाला एकदम चारित्र्याचा प्रश्न चिकटतो.

आमच्या घरात हा शब्द माझ्या भाच्याने जोडला. हा भाचा लोअर परळला राहतो. 1982 च्या संपानंतर एकेक करून ज्या गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांतल्याच एकीच्या जागेवर त्याचा टॉवर उभा आहे. त्या बाजूला गिरण्यांच्या जुन्या आवारांत आता तिथल्या तिथे बनवलेली ताजी बिअर मिळते. तिथे गव्हाची बिअर पिऊन आल्यावर, आपण हीच घरी बनवावी आणि उन्हाळा आहे तर तीत हापूस घालावा, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याने मला कृती सांगितली ती रुचिराच्या थाटात. मोड आणून वाळवलेले निम्मे गहू आणि निम्मे जव भरडून घ्यायचे. 65 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ते तासभर ठेवायचे, म्हणजे धान्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाची कडू फुलं टाकून उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. आठवड्याने फसफस ओसरली की हापूसचा रस घालून आणखी आठवडाभर थांबायचं.

"यीस्ट साखर खातं मामा, आणि अल्कोहोल देतं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट तर वर केळ्याचा आणि लवंगेचा वासही देतं."

अडचण एकच होती. ह्या यीस्टला विशीच्या आसपासचं तापमान लागतं आणि मुंबईचा मे महिना काही कुणाच्या यीस्टसाठी थांबत नाही. तेव्हा एक रिकामा फ्रीज हवा. घरच्या फ्रीजवर सूनबाईंचं राज्य. दुसरा, जुना पण चालू फ्रीज लालबागच्या चाळीत माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे होता. अशा रीतीने गव्हाच्या बिअरचा खटला अक्काच्या दहा बाय बाराच्या खोलीत उभा राहिला.

सरकारपक्षातर्फे मी बोललो. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, हे मी निवृत्त कारकुनाला शोभेल अशा आवाजात सांगितलं.

"कायदा नाही म्हणतो हे कळलं," भाचा म्हणाला. "पण तेवढ्याने ते वाईट ठरतं का?"

आणि तो थेट बव्हेरियात शिरला. तिथे 1516 साली फर्मान निघालं की बिअर बनवायची ती फक्त जव, हॉप्स आणि पाण्यापासून. गहू पावासाठी शिल्लक राहावा, हा त्यामागचा हेतू सांगतात. गंमत म्हणजे सगळं काम करणाऱ्या यीस्टचं त्या फर्मानात नावही नाही. पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क मात्र एका सरदार घराण्याला मिळाला. 1602 मध्ये त्यांचा वंश खुंटल्यावर तो हक्क खुद्द ड्यूककडे आला आणि ड्यूकने त्यावर खजिना भरला. म्हणजे प्रजेने गहू आंबवला तर पावाची चोरी आणि राजाने आंबवला तर महसूल!

हे ऐकून मला आपल्याकडचा बलसारांचा खटला आठवला. एफ. एन. बलसारा नावाच्या मुंबईकर गृहस्थांनी ह्याच दारूबंदी कायद्याला आव्हान दिलं होतं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बराचसा उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून मोकळी केली. ब्रँडी अडकली आणि कलोन वॉटर सुटलं.

'औषधं' हा शब्द निघायला नको होता. भाच्याने उठून अक्काच्या फळीवरची द्राक्षासवाची बाटली काढली. अक्का जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव समभाग पाणी घालून घेते. आसवं आणि अरिष्टं धायटीची फुलं घालून आंबवतात, आणि त्यांत पाचपासून दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क आपोआप तयार होतो. लेबलावर तसं छापलेलंही असतं. भाच्याची बिअर पाच टक्क्यांची. "आणि मावशी, कुरडयांसाठी तू तीन दिवस गहू भिजत घालतेस, त्याचा वास पार जिन्यापर्यंत येतो. तो गहू सात्त्विक, आणि माझा तेवढा तामसी?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. माझा एक शाळासोबती गिरगावात खोताच्या वाडीत राहायचा. घर ईस्ट इंडियन, धर्म ख्रिस्ती, बोली मराठी. नाताळच्या आधी त्याची आई बरणीत काळी द्राक्षं, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून वर फडकं बांधायची. नाताळच्या दिवशी अंगठ्याएवढ्या पेल्यातून ती वाइन पाहुण्यांना मिळायची. कायद्याच्या पुस्तकात ती माउली गुन्हेगार होती. पण त्या बरणीपायी त्या घरात कधी कुणाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

अक्काने बाटली भाच्याच्या हातून घेतली आणि फळीवर ठेवून दिली.

"ह्यात काय असेल ते असू दे," ती म्हणाली. "ह्या बाटलीपायी मी कधी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभी राहिले नाही. तुझ्या काकांच्या बाटलीपायी राहिले. अकरा वर्षं. पोर कडेवर घेऊन."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. जरा वेळाने भाचा हळू आवाजात म्हणाला, "पण मावशी, माझ्यासाठी कुणी दारात उभं नाही ना."

"आज नाही रे. पण त्यांनीसुद्धा रविवारपुरतीच सुरू केली होती."

नीतीवर आजवर पुष्कळ ग्रंथ झाले. कुणी पाप वस्तूत शोधतं, कुणी हेतूत, कुणी मापात. वस्तूत म्हणावं तर पाव आणि बिअर फुगवणारं यीस्ट एकाच जातकुळीचं. मापात म्हणावं तर पहिल्या दिवशी सगळ्यांचंच माप लहान असतं. अक्काचा हिशेब वेगळा आहे. ह्या बाटलीपायी घरी वाट कोण बघत बसणार, एवढंच ती विचारते.

पण तिचं दुःख सगळ्यांवर कायदा म्हणून घालावं का? आपण ते करून पाहिलं आहे. बायकांचे अश्रू खरे होते आणि दारूबंदीही त्यांच्याच नावाने आली. पण दारू गेली नाही, ती अंधारात गेली. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघतच होतं. आणि खोताच्या वाडीतली बरणी मात्र तीच कलमं लागू होऊन बसली.

तेव्हा बरणीवर बंदी घालून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. पण ज्यांनी अकरा वर्षं दारात काढली त्यांना 'तुमच्या द्राक्षासवाचं काय' असं विचारून तो सुटला असंही समजू नये. तर्कात आपण जिंकतो आणि फ्रीज मात्र मिळत नाही, तो ह्यामुळे. अक्काने निकाल दिला तो असा : "आधी सरकारचा परवाना आण. मग माझ्याकडे ये, माझा वेगळा आहे." हापूसचा आमरस झाला आणि तो आंबायच्या आत संपला.

ह्या राज्यात दारू पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. प्रकृती टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे, असं नमूद करणारे परवाने ह्या शहराने पाहिले आहेत. नाव, वय, पत्ता, सगळ्याला रकाने असतात. माझी सरकारला एक नम्र सूचना आहे. त्यात आणखी एक रकाना घालावा : 'घरी वाट कोण बघतं?' आणि अर्जावर सही घ्यायची झाली, तर ती अर्जदाराची न घेता त्या व्यक्तीची घ्यावी.