मंत्र बदलायला ती काय गोळी आहे?

इकडे ये. बस. आधी तो मोबाइल उलटा ठेव.

काय विचारलंस मघाशी? ‘सर, सगळ्यात पॉवरफुल मंत्र कोणता?’ मंत्र म्हणजे काय मेन रोडच्या मेडिकलातली गोळी आहे, पाचशेची लागू पडली नाही तर साडेसहाशेची घ्यायला? दिवाळीत नवार्ण, संक्रांतीला गायत्री, आता म्हणे कुणी व्हिडिओवरून बीजमंत्र ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देतो. त्याचा गुरू कोण, विचारलंस? क्यूआर कोड तेवढा नीट तपासलास!

परंपरा मिरवायला नसते रे. चुकलं तर टोकणारा कुणी असावा, आणि टोकणाऱ्यालाही टोकणारा असावा, म्हणून ती लागते. नेवासा काही लांब नाही इथून. शके १२१२ मध्ये तिथं ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर ज्ञानोबांनी आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी अशी नावं घेतली आणि सगळं श्रेय थोरल्या भावाच्या, निवृत्तिनाथांच्या पदरात टाकलं. तू दोन माळा ओढल्यास की स्टेटस टाकतोस.

आणि बहिणाबाई! वैजापूर तालुक्यात शिऊरला समाधी आहे तिची. ब्राह्मणाची बायको, गुरू केले तुकोबांना. अनुग्रह झाला तोही स्वप्नात. नवऱ्यानं बेदम मारलं. तिनं गुरू सोडला नाही. उलट आदिनाथांपासून तुकोबांपर्यंतची सगळी नावं अभंगात मांडून ठेवली. तुला महिन्याभरात नोकरीचा कॉल आला नाही, तर लगेच मंत्रच खोटा?

गुप्त मंत्राचं कौतुक मला सांगू नकोस. बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना दिलेला ‘राम कृष्ण हरी’ वारीत शेंबडं पोरही म्हणतं. त्यानं काय त्याचं तेज गेलं?

दर गुरुवारी शिर्डीला जातोस ना? मग साईसच्चरितातली राधाबाई देशमुख ठाऊक असायला हवी. कानात मंत्र सांगा म्हणून म्हातारी अन्नपाणी सोडून बसली होती. बाबांनी सांगितलं, माझ्या गुरूनं माझा कान फुंकलाच नाही. निष्ठा आणि सबुरी हे दोनच पैसे मागितले. तू तिथून काय आणतोस? सेल्फी.

वर ती तुळशीची माळ गाडीच्या आरशाला! जपताना मेरुमणी ओलांडत नाहीत एवढं तरी पाळतात लोक. तू ती गतिरोधकांवरून आपटत फिरवतोस. आत्ताच्या आत्ता काढ.

उद्यापासून संध्याकाळी हरिपाठाला यायचं. मागच्या रांगेत बसायचं, टाळ मागायचे नाहीत. सहा म्हणजे सहा. उशीर झाला तर दाराबाहेर उभं राहून म्हण.