जिद्द की हेका?

मराठीत एकाच स्वभावाला दोन नावं आहेत. माणूस यशस्वी झाला तर ती ‘जिद्द’, फसला तर तोच ‘हेका’. मग या दोन्हींत फरक फक्त निकालाचा आहे का?

गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पाहू. जन्म १९१४, आयोवातलं शेतकरी घर. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाले, तरी तिथंच शिकले आणि कुस्तीही खेळले. १९४४मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथला गहू तांबेऱ्यानं जात होता आणि नवं वाण तयार व्हायला अनेक वर्षं लागत. बोरलॉगनी ठरवलं, उन्हाळ्यात मध्य मेक्सिकोच्या पठारावर पेरायचं आणि तेच बियाणं हिवाळ्यात उत्तरेला सोनोरात. वर्षाला दोन पिकं! त्या काळचं शास्त्र सांगे की कापणीनंतर बियाण्याला विश्रांती हवी. वरिष्ठ जॉर्ज हॅरार नाही म्हणाले. बोरलॉगनी राजीनामा दिला. शेवटी त्यांचे गुरू एल्विन स्टॅकमन मध्ये पडले आणि परवानगी मिळाली.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १९६६मध्ये भारतानं १८,००० टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं आणलं, १९७०मध्ये बोरलॉगना शांततेचं नोबेल मिळालं. म्हणून आपण जिद्द म्हणतो.

पण त्याच काळात सोव्हिएत रशियात ट्रोफिम लिसेंकोही तितकाच हट्टी होता. शास्त्रज्ञ त्याचे दावे खोडत होते, तो मात्र स्टालिनच्या पाठिंब्यावर ते रेटत राहिला. त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९४३मध्ये तुरुंगात उपासमारीनं गेले.

स्वभावाची चाचणी घेतली असती, तर ‘हट्टी’ या रकान्यात दोघंही बसले असते. फरक निकालाच्या आधीच पडला होता. बोरलॉगनी पणाला लावली ती स्वतःची नोकरी, लिसेंकोनं इतरांचे जीव. आणि बोरलॉगच्या हट्टाला गहू ‘नाही’ म्हणू शकत होता. बी उगवलं नसतं, तर सहा महिन्यांत विषय संपला असता.

हीच कसोटी बोरलॉगनाही लावायला हवी. रासायनिक खतांवर टीका करणाऱ्यांना ते पुढे आयुष्यभर फटकारत राहिले. भुकेल्यांची त्यांना खरी कळकळ होती. पण इथं उत्तर एका हंगामात मिळणार नव्हतं. गहू-भाताच्या चक्रात पंजाबातलं भूजल किती खोल जाईल, हे कळायला काही दशकं लागली. उत्तर इतकं उशिरा येणार असेल, तर आपली जिद्द कधी हेका झाली, हे आतून कळत नाही. तेव्हा टीकाकाराचं ऐकणं हीच एक सोय उरते.

म्हणून ‘मी जिद्दी आहे’ असं प्रोफाइलवर लिहिताना एक प्रश्न विचारावा: माझ्या हट्टाला ‘नाही’ म्हणायची मुभा कुणाला आहे, आणि मी चुकलो तर किंमत कोण मोजणार?