वांकडें अंगण

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, ती उच्चारतांच वाद मिटला असें समजण्याची आपणांस संवय झाली आहे. कोणी आपल्या साधनास दोष देऊं लागला कीं ही म्हण त्याच्यापुढें टाकावी, आणि त्यानें खालीं मान घालावी, असा शिरस्ताच पडला आहे. परंतु या म्हणींत अंगण कोणीं मोजून पाहिल्याचा उल्लेख नाहीं. अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें. किंबहुना, नाचणारास नाचतां येत नाहीं आणि अंगणही वांकडें आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. मग दोषाची वांटणी कशी करावयाची? हा प्रश्न न्यायाचा आहे. आणि माझ्यापुढें तो आला तो मात्र गोल्फच्या खेळांतील एका काठीच्या निमित्तानें. सुखवस्तु लोकांच्या करमणुकींतलें हें उदाहरण कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. तथापि जेथें चेंडू स्वस्थ पडलेला असतो, आणि तो मारण्याच्या कोणी आड येत नाहीं, तेथें मनुष्य आपल्या अपयशाचें खापर कोठें फोडतो हें पाहण्यासारखें असतें. एवढ्याचसाठीं तें घेतलें आहे.

या खेळांत लांबून मारलेला चेंडू अखेरीस बारीक कातरलेल्या हिरवळीवर येतो. तेथून तो जमिनीवरून गडगडत नेऊन ४¼ इंच व्यासाच्या खळग्यांत टाकावयाचा असतो, आणि त्यासाठीं जी आंखूड काठी वापरतात तिला 'पटर' म्हणतात. तिच्या मुखाची दिशा हीच बहुतांशीं चेंडूची दिशा होय. दहा फुटांवरून मारतांना हें मुख एका अंशानें फिरलेलें असेल, तर खळग्याशीं पोंचेपर्यंत चेंडू दोन इंचांहून किंचित् अधिक बाजूस जातो. आणि खळग्याच्या मध्यापासून कांठापर्यंतचें अंतर २⅛ इंच आहे. म्हणजे तेथें एक अंश ही जवळजवळ यशापयशाची सीमाच झाली. एवढा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, हातांस कळत नाहीं. तो फळावरून तेवढा कळतो, आणि फळ दिसल्यावर त्याचें कारण हवें तेथें शोधण्यास मनुष्य मोकळा असतो.

मी कित्येक वर्षें पुण्याच्या एका मैदानावर हा खेळ खेळत आहें. माझ्याबरोबर बहुधा एक वृद्ध कॅडी असे. काठ्यांची पिशवी वाहणें हें कॅडीचें काम खरें. पण जाणता कॅडी हिरवळीचा उतार पाहून चेंडू कोणत्या रेषेनें मारावा हेंही सांगतो. हा गृहस्थ त्या मैदानावर माझ्या कितीतरी आधीपासून वावरत होता. तो वांकून पाही, बोटानें एक जागा दाखवी आणि म्हणे, "साहेब, इथून." मी मारीत असें, चेंडू वारंवार खळग्याच्या उजवीकडून निसटे, आणि माझ्या तोंडून निघे, "तुझी रेघ चुकली." तो गप्प राही. एकदांच तो म्हणाला, "रेघ बरोबर होती साहेब. काठीचं तोंड बघा." हें उत्तर त्यानें पाहुण्यांसमक्ष दिलें. मला तें उद्धटपणाचें वाटलें, आणि कॅडींच्या पाळ्या लावणाऱ्या माणसास मीं त्याच सायंकाळीं सांगितलें कीं, यापुढें हा मला नको. तेथें कॅडीस मजुरी मिळते ती फेरीवर. पाळी गेली कीं मजुरी गेली. ही गोष्ट त्या वेळीं माझ्या लक्षांत आली नाहीं असें लिहिणें सोयीचें झालें असतें. ती लक्षांत आली होती.

नवा कॅडी आला, आणि चेंडू पूर्वीप्रमाणेंच उजवीकडून जात राहिला. तेव्हां दोष देण्यास माणूस उरला नाहीं, म्हणून मी काठीकडे वळलों. शिंपी अंगरख्याचें माप घेतो त्याप्रमाणें खेळणाराचें माप घेऊन पटर जुळवून देणारें एक दुकान आहे असें कळलें होतें, तेथें गेलों. तेथील पटर मोठा चमत्कारिक होता. किल्ली लावून त्याची लांबी कमीअधिक करतां येई. दांडा जमिनीशीं जो कोन करतो तो बदलतां येई. मुखाचा किंचित् मागें असलेला कल पालटतां येई. आणि तळाचे दोन स्क्रू काढून त्याचें वजनही बदलतां येई. माप घेणारा तरुण मितभाषी होता. त्यानें प्रथम माझीच जुनी काठी माझ्या हातीं दिली, तिच्या मुखावर एक लहानसा आरसा बसविला, आणि दहा फुटांवर ठेवलेल्या फळीवरून प्रकाशाचा एक बारीक किरण त्या आरशावर सोडला. मुख बरोबर समोर असेल तर असा किरण परतून जेथून निघाला तेथेंच पडतो. मुख एका अंशानें फिरलेलें असेल तर तो दोन अंशांनीं बाजूस पडतो. मीं दहा वेळां नेम धरला. दहाही वेळां किरण उजवीकडे पडला.

कारण अगदीं साधें निघालें. माझी काठी ३५ इंचांची होती, आणि माझ्या उभें राहण्याच्या ढबीस ती लांब होती. त्यामुळें मी चेंडूपासून दूर उभा राहत असें. डोळे चेंडूच्या बरोबर वर न येतां पायांच्या बाजूस राहत. आणि अशा तिरकस दृष्टीस रेषा जेथें दिसे तेथें ती नसे. नव्या पटरची लांबी ३३ इंच केली, तेव्हां डोळे चेंडूवर आले, आणि किरण मध्याच्या दोन्ही बाजूंस थोडाथोडा पडूं लागला. दांड्याचा कोनही दोन अंशांनीं बदलला; परंतु त्या तरुणानेंच सांगितलें कीं, मुखाचा कल तीन अंशांचा असतां एवढ्या बदलानें चेंडूच्या दिशेंत पडणारा फरक अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढाच, म्हणजे दहा फुटांवर पाव इंचाहूनही कमी असतो. तात्पर्य, लोखंडांत जे फेरफार झाले त्यांनीं चेंडूवर प्रत्यक्ष असें फारसें कांहीं केलें नाहीं. त्यांनीं मला अर्धें पाऊल पुढें आणून उभें केलें.

यावर कोणी असें म्हणेल कीं, हा सर्व प्रकार मुळांतच गैर आहे. मनुष्यानें साधनापुढें शिस्त शिकावी, साधनास आपल्या खोडीप्रमाणें वांकवूं नये. हा आक्षेप जुना आहे. १९०४ सालीं वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकेचा खेळाडू इंग्लंडांत सँडविच येथें ब्रिटिश हौशी खेळाडूंची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकला. त्याच्या हातीं 'स्केनेक्टडी' नांवाचा, मुखाच्या मध्याजवळ दांडा बसविलेला नव्या घडणीचा पटर होता. पुढें १९१० सालीं सेंट अँड्रूजच्या नियामक संस्थेनें त्या घडणीच्या काठ्या वर्ज्य ठरविल्या. अमेरिकेनें तें मानलें नाहीं. आणि मध्यें दांडा असलेला पटर ब्रिटनमध्यें पुन्हां ग्राह्य होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. चाळीस वर्षें जें निषिद्ध होतें त्यांत निषिद्ध कांहीं नव्हतें, असें शेवटीं ठरलें. उलट पक्षीं १९५९ सालीं कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरानें, स्वतःचे चेंडू नीट जात नाहींत म्हणून, काठीच्या दोन टोंकांस वजन वांटून देऊन नवा पटर घडविला. आपला हात वाईट आहे असें म्हणून तो स्वस्थ बसला नाहीं. त्यानें काठीची चौकशी केली. १९६६ सालच्या त्याच्या पटरचें नांव इंग्रजींत 'उत्तर' या अर्थाचें आहे. परंतु तेवढीं अक्षरें काठीवर मावेनात, म्हणून पत्नीच्या सूचनेवरून त्यानें त्यांतलें एक गाळलें. त्याची काठी आजवर असंख्य लोकांनीं वापरली व तिच्या घडणीचें अनुकरण झालें, यावरून ती चौकशी व्यर्थ नव्हती असें म्हणावें लागतें.

आणि आपल्याकडे तरी काय निराळें आहे? गवई बैठकीपूर्वीं तंबोरा आपल्या षड्जाशीं मिळवून घेतो. त्यास कोणी लबाडी म्हणत नाहीं. कुऱ्हाडीचा दांडा सुतार धन्याच्या हाताकडे पाहून तासतो. साधन माणसाच्या मापाचें असावें यांत अधर्म नाहीं. अधर्म शिरतो तो मापानंतर; माप घेऊन झाल्यावरही जो किल्ली खालीं ठेवीत नाहीं, आणि प्रत्येक चुकीनंतर एक स्क्रू फिरवतो, त्याला आपली चूक कधींच भेटत नाहीं. या खेळाच्या नियमांनीं ही गोष्ट नेमकी हेरली आहे. खेळण्यापूर्वीं काठी हवी तशी जुळवावी. परंतु फेरी सुरू झाल्यावर तिचा गुणधर्म मुद्दाम बदलून तिनें चेंडू मारतां येत नाहीं. जुळवणीस मुभा आहे, आणि तिला वेळही नेमून दिलेली आहे.

आतां परीक्षेविषयीं. नवा पटर जुळवून झाल्यावर मीं पांच फुटांवरून जुन्या काठीनें वीस चेंडू मारले, नऊ पडले. नव्या काठीनें वीस मारले, तेरा पडले. मला हर्ष झाला, आणि मीं पैशाचें पाकीट काढलें. तो तरुण म्हणाला, "साहेब, वीस चेंडूंवर जाऊं नका. दोन्ही काठ्या घेऊन जा, आलटून पालटून मारा, आणि लिहून ठेवा." विकणारानेंच विक्री लांबवावी हें मला नवीन होतें. घरीं येऊन मीं गणित मांडलें. निम्मे चेंडू पडतात असें धरलें, तर एकच काठी दोनदां वीस-वीस वेळां चालविली तरी चार किंवा अधिक चेंडूंचा फरक निव्वळ योगायोगानें शंभरांत सुमारें २७ वेळां पडतो. पुढें दहा दिवस मीं आलटून पालटून प्रत्येक काठीनें दोनशें चेंडू मारले: जुनीनें १०१ पडले, नवीनें ११२. अकरा चेंडूंचा हा फरकही योगायोगानें शंभरांत सुमारें २९ वेळां पडूं शकतो. म्हणजे दोनशें चेंडूंची साक्ष वीस चेंडूंच्या साक्षीहून बळकट ठरली नाहीं. आरशानें जी गोष्ट दहा वेळांत निःसंशय दाखविली, ती खळग्यानें दहा दिवसांतही दाखविली नाहीं. नेम सुधारला होता हें खरें. पण नेम आणि फळ यांच्यामध्यें माझा हात होता, आणि त्याला कोठेंही स्क्रू नव्हता.

याप्रमाणें वांटणी झाली. अंगण एका अंशानें वांकडें होतें. उरलेला दोष नाचणाराचा होता. मीं जुळवलेला पटर घेतला, आणि किल्ली त्या तरुणापाशींच ठेवून आलों. परंतु या हिशेबांत एक रकम कोठेंच बसेना. म्हणींत दोनच पक्ष आहेत, नाचणारा आणि अंगण. प्रत्यक्षांत तिसराही एक असतो. तो साधन नव्हे. तो आपल्याशेजारीं उभा असतो, रेषा दाखवतो, पिशवी वाहतो, आणि त्याची मजुरी आपल्या मर्जीवर असते. स्वतःस दोष देणें जिवावर येतें, महाग काठीस दोष दिला तर ती घेण्यांत आपण फसलों असें कबूल करावें लागतें. तेव्हां दोष उतारावरच्या पाण्यासारखा त्या तिसऱ्याकडे वाहत जातो. घरांत तो स्वयंपाकिणीकडे जातो, कचेरींत कारकुनाकडे, शाळेंत मंद म्हणून ठरविलेल्या मुलाकडे. तेथें आरसा लावून किरण सोडणारा कोणी नसतो. आणि त्या माणसानें एखादे वेळीं "काठीचं तोंड बघा" असें म्हटलेंच, तर आपण त्याचे शब्द ऐकत नाहीं, त्याचा स्वर तेवढा ऐकतों.

त्यानंतरच्या रविवारीं मी मैदानावर लवकर गेलों. पाळीची वाट पाहत तो झाडाखालीं बसला होता. मला पाहून उठूं लागला. मीं त्याच्याजवळ बसलों आणि प्रथमच त्याला 'तुम्ही' म्हटलें. "मामा, तुमची रेघ बरोबर होती. माझी काठी उजवीकडे बघत होती." त्यावर तो म्हणाला, "ते मी बोललो होतो साहेब." मीं विचारलें, माझ्यामुळें त्याच्या किती पाळ्या बुडाल्या. मला वाटलें, तो म्हणेल, असूं द्या. तो क्षणभरही न थांबतां म्हणाला, "अकरा."

मीं अकरा फेऱ्यांची मजुरी दिली. त्यानें ती मोजून घेतली. मग नवा पटर मागून त्याच्या मुखावरून अंगठा फिरवीत त्यानें विचारलें, "ही तरी सरळ बघते ना?"