पैठण दरवाज्यावरचा पहारेकरी

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर सुपारी हनुमानाच्या मंदिरापाशी संध्याकाळी घटकाभर उभे राहिले, तर आपल्याकडे ढुंकूनही न पाहता आपापल्या देण्याघेण्यात गढून गेलेली शेकडो माणसे दृष्टीस पडतात. आणि तेथून हाकेच्या अंतरावर, भाच्याच्या माडीवर, दर रविवारी ज्या खेळाचे सूत्रधारपण मी उतारवयात पत्करले आहे, त्यातील माझे आरंभीचे अपयश नेमके हेच होते, की मी वसविलेल्या नगरीत एकाही इसमाला स्वतःचे म्हणून काही कामच नव्हते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून आमच्यासारख्या खेळांची रीत अशी, की प्रत्येक खेळाडूने एकेक पात्र चालवावे आणि उरलेले सारे जग, वाण्यापासून राक्षसापर्यंत, सूत्रधाराच्या मुखत्यारीत असावे. या उरलेल्यांना माडीवर खेळायला येणारी मुले ‘एनपीसी’ म्हणतात. त्यांचा समतोल म्हणजे अंकांचा जमाखर्च, अशी माझीही समजूत होती.

औरंगजेबाच्या काळातले हेच शहर आमच्या कथेचे स्थळ. प्रथम मी एक कोतवाल निर्मिला. तो इतका शूर, सर्वज्ञ आणि न्यायी होता, की मुले निमूटपणे त्याच्या मागे चालू लागली आणि दोन तास मीच माझ्याशी बोलत राहिलो. (वक्तृत्वाची हौस ही सूत्रधाराची जुनी व्याधी आहे.) पुढल्या रविवारी पैठण दरवाज्यावर एक पहारेकरी ठेवला: या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या सामान्य रयतेप्रमाणे सहाही गुण १०, प्राण अवघे ४. तो एका घावात मेला, आणि कोणी हळहळलेही नाही.

त्या दरवाज्यातून वाट जेथे जाते, त्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात पात्राला स्वतःचे काम देण्याची विद्या साधली होती. त्यांच्या भारुडांत जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो, तो आपापल्या धंद्याच्या भाषेत आणि आपल्या गरजेपोटी. रचणाऱ्याची नाममुद्रा उमटते ती अखेरच्या चरणात, तोवर नाथ पात्राच्या आड उभे राहतात. हा संयम मला पेलेल असे वाटले नव्हते.

तरीही पहारेकरी पुन्हा उभा केला. अंक तेच ठेवले. फक्त त्याला एक निकड दिली. दफ्तरात त्याच्या नावापुढे कारकुनाने काहीतरी ओळ लिहिली होती, त्याला अक्षरओळख नव्हती, आणि ती बडतर्फीची की बढतीची, या विवंचनेत त्याची झोप उडाली होती. मध्यरात्री बाहेर पडू पाहणाऱ्या मुलांनी मोहरा पुढे केल्या. त्याने त्या परत सारल्या आणि कागद पुढे धरला.

ओळ बडतर्फीची होती. भाच्याच्या मित्राने ती मनाशी वाचली, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि बढतीची म्हणून मोठ्याने वाचून दाखविली. खरे काय ते मला ठाऊक होते, पण पहारेकऱ्याला ठाऊक नव्हते. तेव्हा त्याच्या तोंडून त्या पोराला दुवा देऊन मला दिंडी दरवाजा उघडावा लागला.